पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी होतं म्हणतात, पण मग मेंदूत नेमकं काय बदलतं? बाबांचा एमआरआय तर नॉर्मल आलाय.

साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो, त्यावरून आजार नाही असं समजू नका. सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा मेंदूतला एक छोटा काळपट भाग असतो, तिथल्या डोपामिन (पेशींमधले निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. डोपामिन घटलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे हालचालीला ब्रेक लावणारा मेंदूतला एक खोल भाग, तिथल्या पेशी जास्तच फायर करायला (विजेचे संदेश सोडायला) लागतात, आणि तेही सगळ्या एका तालात, सेकंदाला साधारण 13 ते 30 वेळा, याला बीटा लहरी म्हणतात. नॉर्मल माणसात हालचाल करायच्या आधी या लहरी दबतात, इथे नीट दबतच नाहीत, म्हणून शर्टाचं बटण लावायलाही हात चटकन उचलत नाही, म्हणजे ब्रेक न सोडता गाडी काढल्यासारखं. लेव्होडोपाची (मेंदूत जिचं डोपामिन बनतं ती) गोळी लागू पडली की या लहरी कमी होतात, डीबीएसच्या, म्हणजे ऑपरेशन करून मेंदूत बसवलेल्या तारेच्या करंटनेही होतात. थरथर मात्र वेगळी, तिचा वेग सेकंदाला 4 ते 6, आणि त्यात सेरेबेलमचाही (लहान मेंदूचाही) हात असतो, त्यामुळे काहींचा कडकपणा गोळीने जातो पण थरथर तितकीशी जात नाही.