घरी मागवलेले थाई जेवण आणि हॉटेलची जबाबदारी

प्रश्न : आम्ही नागपुरात मनीषनगरला राहतो. मुलीच्या वाढदिवसाला शहरातील एका थाई हॉटेलातून ॲपवर पाद थाई, भाज्यांची ग्रीन करी, भात आणि टॉम यम सूप मागवले. डबे उघडले तेव्हा नूडल्सचा गोळा झालेला होता, सूप कोमट होते आणि करी पातळ, नुसती गोड लागत होती. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. करीला सुकटीसारखा वास येतो, असे म्हणून त्यांनी पहिल्याच घासाला ताट बाजूला सारले. हॉटेलला फोन केला, तर ‘थाई जेवण असेच असते’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का? तक्रार करावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हॉटेलचे हे उत्तर मान्य करण्याजोगे नाही. मात्र सगळे दोष एकाच मापाने मोजता येणार नाहीत, कारण त्यांपैकी काही वाटेत निर्माण झाले आणि काही स्वयंपाकघरात. सासूबाईंच्या बाबतीत जे घडले असावे, ते तर या दोहोंहून गंभीर आहे.

पाद थाईसाठी तांदळाच्या चपट्या नूडल्स वापरतात. तांदळात ग्लुटेन नसते, त्यामुळे या नूडल्सचा पोत सर्वस्वी स्टार्चवर अवलंबून असतो आणि शिजलेला स्टार्च निवू लागला, की उरलेल्या भातासारखा घट्ट होत जातो. त्यात बंद डब्यात वाफ कोंडून तिचे पाणी होते. म्हणून हा पदार्थ कढईतून थेट ताटात आला तरच खरा लागतो, आणि नूडल्स चिकटल्या एवढ्यावरून मी हॉटेलला दोष देणार नाही. तरीही काळजी घेणारे हॉटेल पार्सलसाठी नूडल्स किंचित कमी शिजवते आणि मुगाचे मोड, शेंगदाण्याचा कूट व लिंबाची फोड वेगळी बांधून देते. घरी अशा नूडल्सवर थोडे पाणी शिंपडून त्या कढईत मोठ्या आचेवर परतल्या, तर बऱ्याच मोकळ्या होतात. सूप गरम करून वर ताजे लिंबू पिळावे; टॉम यममध्ये लिंबाचा रस आच बंद केल्यावरच घालायचा असतो.

करीचे मात्र तसे नाही. ग्रीन करी आपल्या रश्श्यापेक्षा पातळच असते आणि तिला थोडा गोडवाही असतो. पण हिरवी मिरची, गवती चहा, आल्याच्या जातीचे गलंगल, लसूण आणि सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची मुळे यांचे वाटण हा तिचा प्राण आहे. नारळाचे घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात हे वाटण परततात, मग पातळ दूध व भाज्या घालतात आणि थाई तुळशीची पाने अगदी शेवटी टाकतात. नीट जमलेल्या करीवर हिरवट तेलाचे बारीक थेंब तरंगताना दिसतात आणि पहिल्या चमच्यालाच तिखट, खारट व गोड अशा तिन्ही चवी लागतात. तुमच्या करीत फक्त गोडवा होता, याचा अर्थ वाटण कमी पडले किंवा परतलेच गेले नाही आणि उणीव साखरेने झाकली गेली. हे वाटेत होत नसते. सावजीच्या तिखटावर वाढलेल्या शहरात चव अशी बोथट करण्याचे काही कारणही नव्हते.

आता सासूबाईंविषयी. पारंपरिक ग्रीन करीच्या वाटणात आंबवलेल्या कोलंबीचा लगदा असतो, बाजारात मिळणाऱ्या अनेक तयार वाटणांतही तो असतो, आणि खारटपणासाठी मासळी मिठात मुरवून काढलेला फिश सॉस वापरतात. त्यामुळे वाटीत नुसत्या भाज्या दिसल्या, तरी करी शाकाहारी आहे असे ठरत नाही. नुसत्या वासावरून आरोप करणे योग्य होणार नाही, पण सासूबाईंची शंका अत्यंत रास्त आहे. कोणते वाटण वापरले, त्याच्या पाकिटावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह आहे का आणि फिश सॉस घातला होता का, हे हॉटेलला लेखी विचारा.

तक्रार अवश्य करा. डब्यांची छायाचित्रे, ऑर्डरचा तपशील आणि बिल जपून ठेवा. बिलावर हॉटेलचा चौदा अंकी अन्नपरवाना क्रमांक असायला हवा. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तिथे दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. चवीच्या तक्रारीत पैसे परत मिळाले, तर तेवढ्यावर समाधान मानावे असे मला वाटते. परंतु शाकाहारी म्हणून दिलेल्या पदार्थात कोलंबी किंवा मासळी होती असे निष्पन्न झाले, तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाण्यासाठीही दोन वर्षांची मुदत असते.

पुढच्या वेळी ऑर्डर देण्यापूर्वी फोन करून फिश सॉस, ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस) आणि कोलंबीचा लगदा ही तिन्ही नावे घेऊन विचारा. ‘व्हेज आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका.