माळाच्या पोटातला कर्ब

प्रश्न : आमच्या गावचं 40 एकर गायरान म्हणजे नुसता गवताळ माळ. कार्बन क्रेडिटसाठी (हवेतला कार्बन साठवल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) तिथे झाडं लावा, असा सल्ला मिळतोय. सल्लागाराने माती परीक्षणातला सेंद्रिय कर्ब 0.7 टक्के धरून आज हेक्टरी 27 टन कार्बन आहे, असं काढलंय. हिशोब बरोबर आहे का? (वाचक, माण तालुका)

उत्तर : सूत्र बरोबर, आकडे मात्र काळ्या रानाचे. कर्बाचे टक्के, घनता (ग्रॅम प्रति घनसेंमी) आणि खोली (सेंमी) यांचा गुणाकार केला की हेक्टरी टन मिळतात. सल्लागाराने 0.7 × 1.3 × 30 केलेलं दिसतं. पण माळावर बऱ्याचदा वीतभर खालीच मुरूम लागतो, आणि वरच्या मातीतही गोटे असतात. प्रयोगशाळा 2 मिमीच्या चाळणीतून पडलेली मातीच तपासते, 0.7 टक्के तिचे, गोट्यांचे नव्हेत.

गोट्यांच्या जमिनीत नळी ठोकून घनता निघत नाही. मुरूम लागेपर्यंत उभ्या कडांचा खड्डा घ्या, निघालेला सगळा माल घमेल्यात ठेवा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक चापून बसवा आणि मापाने काठोकाठ पाणी भरा. समजा, 20 सेंमी खोल खड्ड्यात 4.5 लिटर पाणी मावलं. माल भट्टीत 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून चाळला, तेव्हा बारीक माती 4.05 किलो आणि गोटे 3.3 किलो भरले. गोटे बाजूला काढा, पण आकारमान पूर्ण खड्ड्याचंच धरा : 4050 ÷ 4500 = 0.9. मग 0.7 × 0.9 × 20 म्हणजे 12.6 टन. सल्लागाराचा आकडा दुपटीहून जास्त! असे खड्डे माळभर बरेच घ्या, एकावर विसंबू नका. प्रयोगशाळेचा नमुना वेगळा घ्या, तो सावलीत वाळवा.

मातीत चुनखडी असेल तर आणखी एक गोची. डायक्रोमेट पद्धत, म्हणजे रसायन घालून सेंद्रिय कर्ब मोजायची पद्धत, चुनखडीतला कार्बन मोजत नाही. नमुना जाळून मोजणारं यंत्र, आधी आम्लाने चुना काढला नाही, तर तोही मोजतं. म्हणून आजची आणि पाच वर्षांनंतरची तपासणी एकाच पद्धतीने करा. नाहीतर कर्ब नुसता कागदावर वाढतो.

झाडांचं म्हणाल, तर खड्ड्यांनी फार बिघडत नाही. 4 × 4 मीटरवर 60 सेंमीचे खड्डे म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के जागा. बिघडतं ते जेसीबीने माळ उलथल्यावर, आणि पुढे दाट गिरिपुष्पाच्या सावलीत कुसळी, पवन्या विरळ झाल्यावर. माळाचा बहुतेक कर्ब याच गवतांच्या मुळ्यांतून मातीत जातो. तेव्हा जुन्या माळावर चराईबंदी आधी, झाडं बांधाकडेला.

प्रश्न : दरवर्षी वणवा लागतो. मग कर्ब राहतो कुठे?

उत्तर : गवताची आग झरझर पुढे सरकते, त्यामुळे मुळं सहसा वाचतात. जळालेल्या गवताचा कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यातलं गवत बऱ्याच अंशी परत ओढून घेतं. आगीतून निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे तापमान वाढवणारे वायू मात्र तसे परत येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून आदिवासी रेंजर कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच तुकड्यातुकड्याने गवत जाळतात. त्यामुळे उशिराची मोठी आग टळते, आणि तिथल्या क्रेडिटचा मूळ हिशोब याच दोन वायूंचा. 40 एकरांत काडी ओढायची गरज नाही. गवत वाळताच कडेने 3-4 मीटरचा पट्टा कापून चाऱ्याला न्या.