उपचार संपले, तरी मन थाऱ्यावर नाही

प्रश्न : आईचे स्तनाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण झाले असून तपासण्याही समाधानकारक आहेत, तरीही ती रात्र-रात्र जागी असते, कोणाशी बोलत नाही. हे मनाचे दुखणे समजावे का?

उत्तर : थकवा आणि झोपमोड केमोथेरपीनंतरही दिसत असल्याने केवळ त्यांवरून नैराश्याचे निदान करता येत नाही, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे वाटणे आणि हे दोन आठवडे टिकणे, याला मी अधिक महत्त्व देईन. गेल्या आठवड्यातील मनस्ताप ० ते १० या पट्टीवर किती, असे आईंना विचारा. उत्तर ४ किंवा अधिक आल्यास कर्करोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ‘आता सगळे ठीक आहे’ म्हणून त्यांना गप्प करू नका. जगणे नको असे त्या बोलल्या, तर मात्र त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.