मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापुरातलं सर्किट बेंच म्हणजे खंडपीठच का? खरा आदेश कुठे बघायचा?

फलकांवर आणि भाषणांत दोन्ही शब्द सरमिसळ येतात, त्यामुळे तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. शब्द बाजूला ठेवा, कलम बघा.

कोल्हापूरचं बेंच राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) वर उभं आहे. या पोटकलमाखाली मुख्य न्यायाधीश राज्यपालांच्या मान्यतेने न्यायाधीशांच्या बैठकीची जागा ठरवतात. त्यांची अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ची. १८ ऑगस्टपासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम इथे आलं. म्हणजे हे अजून कायम खंडपीठ नव्हे. ते ५१(२) खाली स्थापन होतं, त्याला राष्ट्रपतींचा आदेश लागतो.

कोणत्या भागाचं राजकारण कधी आणि किती जोरात होतं, ते या कलमांत चक्क वाचता येतं. विदर्भाने संयुक्त राज्यात येण्याआधीच, १९५३ च्या नागपूर करारात, नागपुरात उच्च न्यायालयाचं पीठ असेल असा शब्द घेतला. म्हणून नागपूरचं खंडपीठ मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ मध्येच आहे. औरंगाबादचं ऑगस्ट १९८१ मध्ये आपल्यासारखं ५१(३) खाली सुरू झालं, १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं आणि १९८४ मध्ये ते ५१(२) खाली कायम झालं. आपलीही वाट तीच. त्यामुळे पुढच्या प्रत्येक निवेदनात ५१(२) हा आकडा असायलाच हवा, नुसत्या ‘खंडपीठ द्या’ने भागणार नाही.

तोवर काळजी नको. इथला आदेश मुंबई उच्च न्यायालयाचाच असतो, त्याचं बळ तसूभरही कमी नाही. उलट नागपूरच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल इथल्या एकल न्यायाधीशांवरही बंधनकारक असतो. निकाल शोधताना नेमकी इथेच चूक होते. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फक्त ‘कोल्हापूर’ निवडलं तर ऑगस्ट २०२५ पूर्वीचं काहीच हाती लागत नाही. साताऱ्याचा २०१५ चा निकाल हवा असेल तर मुंबईच्या अपील शाखेत (Appellate Side) शोधा.

कायद्याचा मजकूर राजपत्रातूनच घ्या. राज्याचे अधिनियम भाग चारमध्ये मराठीत येतात, भाग आठमध्ये त्यांचा इंग्रजी अनुवाद. मराठी आपली राजभाषा असली तरी संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे हा इंग्रजी पाठच प्राधिकृत मानला जातो, आणि बेंच कोल्हापुरात असलं तरी कामकाज इंग्रजीतच चालतं. तेव्हा याचिकेला भाग आठची प्रत जोडा.

शासन निर्णय म्हणजे जीआर हा कायदा नव्हे, तो अधिनियमाला डावलू शकत नाही. जीआर वापरताना त्यावरचा संगणक सांकेतांक टिपून ठेवा, आणि त्याच विभागाचं नंतरचं शुद्धिपत्रक किंवा ‘अधिक्रमित करून’ असं लिहिलेला नवा जीआर निघालाय का, ते आधी तपासा.