ग्रीन टीची कॅप्सूल आणि दीड चमचा चरबी

प्रश्न (देवगड): रोज पहाटे कुणकेश्वरच्या बाजूला दोन तास सायकल चालवतो. व्यायामशाळेत ग्रीन टी अर्काची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल सुचवली. उपाशीपोटी घेऊन निघालं की चरबी जास्त जळते म्हणे. खरं का? एकाऐवजी दोन घेतल्या तर?

उत्तर: आधी डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ५०० मिलिग्रॅम हे अर्काचं वजन झालं. कामाचा घटक इजीसीजी. चहाच्या पानात कॅटेचिन नावाची जी द्रव्यं असतात, त्यांतलं हे एक. 'इजीसीजी ५० टक्के' असं छापलं असेल तर एका कॅप्सूलमध्ये तो २५० मिलिग्रॅम. आकडाच नसेल तर ती डबी दुकानातच राहू द्या.

आता चरबीचं. २००८ साली ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात १२ निरोगी पुरुषांना आदल्या २४ तासांत मिळून सुमारे ३६६ मिलिग्रॅम इजीसीजी दिलं आणि मध्यम वेगाने अर्धा तास सायकल चालवायला लावली. मिनिटाला ०.३५ ग्रॅम चरबी जळत होती, ती ०.४१ ग्रॅम झाली. 'चरबी १७ टक्के जास्त जळते' असं जाहिरातीत दिसतं ते इथून आलं. पुढे २०१३ साली त्याच विद्यापीठाच्या संशोधकांनी नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषांना एक दिवस आणि सात दिवस अर्क देऊन पाहिला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. ही दुसरी बातमी डबीवर कोण छापणार?

पहिला आकडाच खरा धरू. मिनिटाला ०.०६ ग्रॅम जादा, म्हणजे दोन तासांत सात ग्रॅम: घावन घालताना तव्यावर सोडतो तसं दीड छोटा चमचा तेल. ६५ कॅलरी. घरी येऊन दोन-तीन घास भात जास्त गेला की हिशेब फिटला. शिवाय व्यायामात चरबी जास्त जळाली तरी त्या वेळी साखर तेवढी कमी जळते, त्यामुळे दिवसाच्या एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही. वजन त्या एकूण खर्चावरच हलतं.

मग कॅप्सूलने चरबी जळेल असं वाटतं तरी का? नॉरॲड्रेनलिन हे संप्रेरक साठवलेली चरबी मोकळी करायला लावतं. ते मोडणाऱ्या एका एन्झाइमला कॅटेचिन अडवतात, असं परीक्षानळीत दिसतं. पण पोटात गेलेल्या इजीसीजीपैकी रक्तात फार थोडं पोचतं, आणि पेडल मारायला लागल्यावर ते संप्रेरक आपसूक वाढलेलं असतंच. बऱ्याच अर्कांत कॅफीनही असतं, तरतरी वाटते ती त्याची.

उपाशीपोटी मात्र नक्कीच नको. रिकाम्या पोटी इजीसीजी रक्तात जास्त चढतं आणि यकृताला त्रास व्हायची भीती वाढते. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त इजीसीजी पूरक गोळ्यांतून घेणाऱ्यांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली (यकृताला त्रास होत असल्याची ही खूण), असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवलं. तुमची कॅप्सूल ५० टक्क्यांची असली तर दोनमध्येच ५०० होतात, ९० टक्क्यांची असली तर ९००. 'दोन घेतल्या तर' हा विचार सोडा. कोणताही अर्क चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, तर तो त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा.

चरबीच जाळायची तर वेग आवरा. शेजारच्या सायकलवाल्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतपत. चढावर बोलणं तुटलं की शरीर साखरेकडे वळलं समजा, तिथे गिअर हलका करा. आठवड्यात चार-पाच दिवस असं काही महिने चालवलंत तर स्नायूच चरबी वापरायला शिकतात. कॅप्सूलला हे जमत नाही.

प्रश्न (मालवण): पुळणीवर रोज पाऊण तास पळते. हिमोग्लोबिन १० आहे. कॅप्सूल नको, साधा ग्रीन टी घेईन. जेवणावर लगेच चालेल का? आणि तो इतका कडू का होतो?

उत्तर: जेवणावर लगेच नको. लाल माठ, कुळीथ यांतलं लोह कॅटेचिन धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. आधी किंवा नंतर किमान तासभर अंतर ठेवा. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. पण बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १० म्हणजे दम लागणारच, तेव्हा चहाच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

कडू होतो कारण तो नेहमीच्या चहासारखा उकळला जातो. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, झाकण काढून चार-पाच मिनिटं थांबा, मग २०० मिली पाण्यात २ ग्रॅम पाती टाका आणि दोन-तीन मिनिटांत गाळा. गंमत अशी की तो कडवटपणा बराचसा कॅटेचिनचाच असतो.

प्रश्न (गुहागर): रक्तदाबाची गोळी चालू आहे. अर्क घेऊ का?

उत्तर: गोळीचं नाव डॉक्टरांना सांगून मगच. नॅडोलॉल हे रक्तदाबाचं औषध ग्रीन टीमुळे रक्तात पुरेसं पोचत नाही. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्यांनीही परस्पर सुरू करू नये.

प्रश्न (वेंगुर्ला): मे महिन्यात तासभर पळालं की पोटऱ्यांत गोळे येतात. ग्रीन टीने दम वाढेल का?

उत्तर: नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जातं. पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करा. मध्ये पाणी प्यायला नसाल तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. पुढच्या वेळी त्यातलं निम्मं-पाऊण पळतानाच घोट घोट भरून काढा: लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालणार असाल तर मीठ कमी करा, आगळात ते असतंच.