वाचकांचे प्रश्न : सुरतेत पुरलेला डच गव्हर्नर

प्रश्न : सुरतेच्या डच दफनभूमीत एक भव्य समाधी आहे. ती ज्या व्हान रेडेची आहे, त्याच्या वनस्पतिग्रंथासाठी मूळच्या गोव्याकडील वैद्यांनी काम केले होते, असे ऐकले. हे खरे आहे का? हा गृहस्थ कोण होता?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आपण ऐकलेत ते खरे आहे. हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे हा १६३६ साली हॉलंडमधील एका सरदार घराण्यात जन्मला आणि विशीत असतानाच डच ईस्ट इंडिया कंपनीत दाखल झाला. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकले त्या मोहिमेत तो होता. पुढे १६७० मध्ये तो मलबारचा प्रमुख झाला. पदाचे नाव कमांडर असले, तरी इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा गव्हर्नर असाच होतो. मिरी कंपनीखेरीज कोणालाही विकली जाऊ नये यासाठी स्थानिक राजांना करारांत जखडून ठेवणे हे त्याचे मुख्य काम होते आणि त्यासाठी बळ वापरायला कंपनी कधी कचरली नाही. त्याची विद्वत्ता सांगताना हे विसरून चालणार नाही.

याच काळात त्याने 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथाची आखणी केली. त्यामागे वनस्पतींची आवड होती, तसेच राजकारणही होते. त्याचा वरिष्ठ रायक्लोफ व्हान गून्स याचा सारा भर सिलोनवर होता, तर मलबारही तितकाच मोलाचा आहे आणि कंपनीच्या माणसांना लागणारी औषधे युरोपातून मागवण्याऐवजी येथेच मिळू शकतात, हे व्हान रेडेला दाखवून द्यायचे होते. या वादात त्याची बाजू पडली. १६७७ मध्ये त्याने मलबार सोडले आणि पुढच्याच वर्षी तो मायदेशी परतला.

ग्रंथाचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यांत सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने असून बहुतेकांची मोठी, रेखीव चित्रे आहेत. मुखपृष्ठावर नाव व्हान रेडेचे असले, तरी त्यातील औषधी ज्ञान त्याचे नव्हते. ते एळवा समाजातील वैद्य इट्टी अच्युतन यांचे आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचे होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमामुळे अनेक सारस्वत कुटुंबे गोवा सोडून कोचीनला स्थायिक झाली होती आणि हे तिघे त्याच समाजातले होते. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ येऊन आपण ही माहिती दिली, असे त्यांचे निवेदन पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. सतराव्या शतकात युरोपात छापलेल्या पुस्तकात आपल्याकडची भाषा आणि लिपी अशी उमटावी, ही मला त्या ग्रंथातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. व्हान रेडेने या वैद्यांची नावे दडवली नाहीत, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

१६८४ मध्ये कंपनीने त्याला आपल्या कारभारातील भ्रष्टाचार निपटण्यासाठी सर्वाधिकारी म्हणून पुन्हा पाठवले. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाचे केप, सिलोन, बंगाल, कोरोमंडल अशी ठाणी तपासत तो फिरला. केपमध्ये त्याने कंपनीच्या गुलामांच्या मुलांना शाळा आणि काही अटींवर मुक्ती देण्याचे नियम केले, पण गुलामगिरी मात्र तशीच राहू दिली. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला जात असताना मुंबईजवळच्या समुद्रात त्याचा मृत्यू झाला, त्यामुळे त्याची समाधी सुरतेत आहे.

मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये असल्याने सामान्य वाचकाला तो दीर्घकाळ दुर्लभच होता. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून केलेला इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसिद्ध केला आणि नंतर मल्याळम अनुवादही आला. मराठीत मात्र निदान त्या तीन वैद्यांच्या निवेदनाचा आणि त्यांनी सांगितलेल्या औषधांचा सटीप अनुवाद व्हावा, असे मला मनापासून वाटते.