ऑफिस सुटल्यावर अ‍ॅपवर कॅब चालवावी का? आधी पाटीचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला मुलुंड, नोकरी पवईत, घरी २०१९ ची सीएनजी वॅगनआर आणि तिचे हप्ते फिटलेले. गाडी पाच दिवस सोसायटीत धूळ खात पडते. मग संध्याकाळी दोन-तीन तास आणि शनिवार-रविवार ती अ‍ॅपवर चालवली तर महिन्याला पंधरा हजार सुटतील का? मेव्हण्याने २०१५-१६ मध्ये याच धंद्यात फ्लॅटचं डाऊन पेमेंट उभं केलं, असंही तुम्ही लिहिलंय.

स्वतःच्या गाडीवर, एकट्याने आणि फावल्या वेळात, तर नाही सुटणार. त्याचा दोष तुमच्या तासांना नाही, गाडीच्या पाटीला, म्हणजे नंबर प्लेटला आहे. मुंबईत कॅबचा खर्च चोवीस तासांचा असतो. तुम्ही तीन तास चालवा नाहीतर चौदा, विमा, पासिंग, परमिट तेवढंच. पूर्णवेळवाला तो खर्च चौदा तासांवर पसरवतो, तुम्ही तीनवर.

पांढऱ्या, म्हणजे खासगी गाडीच्या पाटीवर भाडं मारायचं हा विषय इथेच संपवू. परमिटशिवाय प्रवासी नेले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. दंड परवडला असं म्हणायची वेळ अपघातानंतर येते. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एकाने ओळखीच्या लोकांना विमानतळावर सोडायचं काम पांढऱ्या पाटीवर चालवलं होतं. घोडबंदरला मागून टेम्पोने ठोकलं. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मागे बसलेल्या माणसाला सहज विचारलं, "किती दिले?" त्यानेही सहज सांगितलं. क्लेम तिथेच बुडाला.

म्हणजे टॅक्सीची पिवळी पाटी आली. त्यासाठी कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा फायनान्सचा बोजा उतरवलेला आहे का ते बघा. निम्मे लोक हे विसरतात आणि आरटीओच्या खिडकीवर आठवतं. मग कराचा फरक, टुरिस्ट परमिट, ताशी ८० ला बांधणारा स्पीड गव्हर्नर, जीपीएसचं यंत्र, पॅनिक बटण. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. तुमची २०१९ ची आहे, म्हणजे दरवर्षीची वेळ आलीच समजा. तुम्हाला स्वतःला टॅक्सीचालकाचा बॅज लागेल, त्याला पोलीस पडताळणी आणि राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

विम्याचा फरक आकड्यात सांगतो, कारण तिथेच लोकांचे डोळे उघडतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,०९४ रुपये आहे. तीच गाडी टॅक्सी झाली की ६,०४० आणि वर प्रत्येक प्रवाशामागे १,१६२. चार प्रवासी धरले तर १०,६८८. वॅगनआर तीच, इंजिन तेच, रस्ता तोच. यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा अजून धरलेला नाही, जीएसटीही नाही. फिटनेस, जीपीएसचं रिचार्ज, किरकोळ कागदपत्रं मिळून पाटीपायी महिन्याला दीड-दोन हजार जास्तीचे जातात असं धरा. शिवाय विकताना पिवळ्या पाटीच्या गाडीला गिऱ्हाईक नाक मुरडतं. आणि सोसायटीच्या नियमांत कमर्शियल गाडीला पार्किंग आहे का ते आजच बघून ठेवा. आमच्याकडे यावर एक अख्खी वार्षिक सभा गाजली होती, लिफ्टचा विषय राहूनच गेला.

आता कमाई. राज्य सरकारच्या मे २०२५ च्या धोरणात भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला द्यायचा आहे आणि सर्ज, म्हणजे मागणी वाढली की वाढणारं भाडं, दीडपटीच्या वर न्यायचं नाही. जुलैत चालकांनी संप केला, मागणी होती काळी-पिवळीच्या बरोबरीच्या भाड्याची. सप्टेंबरमध्ये किलोमीटरला २२.७२ रुपये दर जाहीर झाला. जाहीर झालेला दर प्रत्येक ट्रिपला हातात पडतोच असं नाही, पण तुमच्या बाजूने उदार होऊन तोच धरू.

संध्याकाळी साडेसात, हिरानंदानीतून लोखंडवालाचं भाडं. १२ किलोमीटर, भाडं २७३, तुमचे ८० टक्के म्हणजे २१८. पिकअपला ३ किलोमीटर रिकामे गेलात, पुढच्या भाड्याच्या शोधात ५ किलोमीटर सरकलात. गाडी फिरली २०. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या गर्दीत एसी लावून किलोमागे वीस किलोमीटर मिळाले तर नशीब, म्हणजे एक किलो गॅस, ऐंशी रुपये. टायर, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग आणि गाडीची घटणारी किंमत मिळून किलोमीटरला तीन रुपये बाजूला टाका, साठ झाले. उरले ७८. वेळ दीड तास. तासाला पन्नास-बावन्न रुपये! दीडपट सर्ज पूर्ण लागला तर तासाला सव्वाशेच्या आसपास जातं, पण सर्ज लागतो त्या दिवशी रस्ताही तुंबलेला असतो.

आता हेच रविवारी पहाटे साडेचारला बघा. मुलुंड ते विमानतळाचं टी-टू टर्मिनल, साधारण १८ किलोमीटर, पस्तीस मिनिटं, हातात ३२७. परत मुलुंडला रिकामे आलात तर खर्च जाऊन ऐंशी-नव्वद. तिथून ठाण्याच्या दिशेचं भाडं मिळालं तर जाऊन-येऊन चारशेच्या घरात, तेही दोन तासांच्या आत. ट्रिप तीच, पैसा परतीच्या भाड्यात. म्हणून जुने चालक भाडं किती यापेक्षा ड्रॉप कुठे हे आधी विचारतात. गिऱ्हाईकाला तो उद्धटपणा वाटतो, पण नालासोपाऱ्याला रात्री अकराला सोडून रिकामी गाडी मुलुंडला आणून बघा एकदा. घराच्या दिशेचीच भाडी दाखवणारी सोय अ‍ॅपमध्ये असते, पण ती दिवसातून मोजक्याच वेळा वापरता येते. ती संध्याकाळी ऑफिसच्या वेळेला उधळू नका, शेवटच्या ट्रिपसाठी राखून ठेवा.

चांगले-वाईट तास मिळून सरासरी तासाला शंभर रुपये धरले, तर महिन्यातले पहिले पंधरा-वीस तास तुम्ही फक्त पाटीसाठी चालवता. बाकीचे तुमचे. तुम्ही सांगितलेल्या वेळेत महिन्याला शंभर-सव्वाशे तास होतात, म्हणजे सगळं सुरळीत गेलं तर नऊ-दहा हजार. तेही एकही रविवार घरी न बसता, एकही लग्नकार्य न करता आणि बोनेटला एकही रिक्षा न घासता.

मेव्हण्याचे आकडे खोटे नाहीत. त्या वर्षांत कंपन्या गिऱ्हाईक आणि चालक दोघांनाही जोडण्यासाठी खिशातून पैसे ओतत होत्या. ट्रिपचं भाडं बाजूलाच, इन्सेंटिव्हवर घरं चालली. मग इन्सेंटिव्ह आटले, गॅस आणि डिझेल महागलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत चालकांनी गाड्या बंद ठेवल्या. आज जे इन्सेंटिव्ह उरलेत त्यांची टार्गेटं दिवसभर लॉगइन असणाऱ्यालाच गाठता येतील अशी असतात. कमिशन गेलं म्हणूनही हुरळू नका. ओलाने जून २०२५ मध्ये कमिशन काढून ठरावीक शुल्काची योजना देशभर लागू केली, बाकीचेही त्या वाटेने चाललेत. पूर्णवेळवाल्याला हे चांगलंच आहे. पण दिवसाचं शुल्क भरून तुम्ही तीन तासच चालवणार असाल तर पुन्हा तीच गत.

मग पार्ट-टाइममध्ये कोणालाच परवडत नाही का? परवडतं, जर गाडीचे उरलेले तास दुसरं कोणी चालवत असेल तर. मुंबईत ही पद्धत जुनी आहे. काळी-पिवळीवर दिवसपाळीचा एक आणि रातपाळीचा एक, मालकाला ठरलेली रक्कम, अशीच पद्मिनी पिढ्यान्‌पिढ्या चालली. माझी पिवळ्या पाटीची डिझायर भांडुपच्या एका चालकाकडे आठवडाभर असते, रविवारी पहाटे ती माझ्या ताब्यात येते. पाटीचा सगळा खर्च त्याच्या सहा दिवसांतून निघतो, म्हणून माझा रविवार मला परवडतो.

या व्यवस्थेत भांडणं होतात ती देण्याघेण्याच्या क्षणी, म्हणून आमचा रिवाज ठरलेला आहे. शनिवारी रात्री तो गाडी लावतो तेव्हा गॅस फुल. ओडोमीटरचा आणि चारही बाजूंचा फोटो, दोघांच्या मोबाइलवर. फास्टॅगमध्ये किती शिल्लक आहे ते बोलून दाखवायचं. आणि ई-चलान. ते मालकाच्या नावावर येतं आणि कधीकधी पंधरा दिवसांनी उगवतं. चलानवर तारीख-वेळ असते, ती बघून ज्याची पाळी त्याचा दंड, वाद नाही. प्रत्येक चालक स्वतःच्या लायसन्सवर, स्वतःच्या आयडीवर. "माझ्याच आयडीवर चालव रे, काय होतंय" असं कोणी म्हटलं तर गाडी परत मागा. अ‍ॅपने ओळख पटवायला सेल्फी मागितला की आयडी ब्लॉक होईल ते एक, आणि अपघात झाला तर उत्तर कोण देणार?

चालक ओळखीतून शोधा, बॅज आणि लायसन्स डोळ्यांनी बघा, महिन्याची रक्कम आणि क्लच-टायर कोणाच्या खिशातून ते कागदावर लिहा. तुमच्या वॅगनआरला हे जमेल का? जमेल, पण सात वर्षांच्या आसपासची गाडी पूर्णवेळ जुंपली की दोन-तीन वर्षांत तिचा रस निघतो. ती घरची गाडी म्हणून जपायची असेल तर यात पडू नका.

बाकीचं पटकन. नोकरीचं नियुक्तिपत्र काढून वाचा, बऱ्याच खासगी कंपन्यांत दुसऱ्या कमाईला लेखी परवानगी लागते. सरकारी नोकर असाल तर विषयच नको. ही कमाई व्यवसायाचं उत्पन्न ठरते, त्यामुळे नेहमीचा आयटीआर-१ चालणार नाही, उलाढालीची ठरावीक टक्केवारी नफा धरायची सोय घेतलीत तर आयटीआर-४. ऑफिसला जाताना सहकाऱ्यांना बसवून खर्च वाटून घेणं, म्हणजे कारपूलिंग, त्यात मुलुंड-पवईच्या अंतरावर गॅसचे पैसे निघतील, कमाई नाही. घरच्या पेट्रोल स्कूटरवर बाइक टॅक्सी हा पर्याय खाली प्रतिक्रियांत कोणीतरी सुचवेलच. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने फक्त इलेक्ट्रिक बाइकला परवानगी दिली, तीही नोंदणी करूनच.

पावसाळ्याबद्दल मात्र थांबून सांगतो. पाऊस म्हणजे सर्ज, सर्ज म्हणजे पैसा, हे गणित नवीन माणूस हमखास मांडतो. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, गांधी मार्केट या जागा जोराच्या पावसात टाळायच्याच, नकाशावर रस्ता निळा दिसत असला तरी. पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा चावी फिरवायची नाही, ढकलून बाहेर काढायची. इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दीडपट भाड्याच्या एका ट्रिपपायी इंजिन उघडायची वेळ येते.

आणि झोप. अ‍ॅप तुमचे लॉगइनचे तास मोजतं, ऑफिसमधले नऊ तास त्याला दिसत नाहीत. रात्री दहानंतर ईस्टर्न एक्स्प्रेसवर डोळ्यावर झापड येते ती सांगून येत नाही. आठवड्यातल्या संध्याकाळी सोडूनच द्या असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे तिथे कमी आणि धोका जास्त.

तुमच्या जागी मी असतो तर पाटीला हात लावायच्या आधी दुसरं काम करून बघितलं असतं: तासावर ड्रायव्हर म्हणून जाणं. गाडी गिऱ्हाईकाची, गॅस त्याचा, विमा त्याचा. तुमचं फक्त लायसन्स आणि वेळ. असे ड्रायव्हर पाठवणारी अ‍ॅप्स मुंबईत आहेत, शिवाय सोसायट्यांच्या वॉचमनकडूनही कामं मिळतात. शनिवारी रात्री पार्टीहून घरी सोडणं, लग्नाच्या दिवशी दिवसभर गाडी, आई-वडिलांना पुण्याला पोचवणं. नाकाबंदीत तोंडाला यंत्र लावतात या भीतीने शनिवारची मागणी पक्की असते. ऑटोमॅटिक आणि मोठी गाडी सफाईने चालवता आली पाहिजे, आणि रात्री उशिरा लोकल बंद झाल्यावर मुलुंडला परत कसं यायचं ते भाडं ठरवतानाच बोलून घ्यायचं. वरळीहून रात्री दीडला परतीचे चारशे तुमच्या खिशातून गेले तर काय उपयोग?

गाडीचे किती किलोमीटर झालेत, आरसीवरून बोजा उतरलाय का आणि ओळखीत बॅजवाला चालक आहे का, एवढं लिहा. मग वाटून चालवण्याची रक्कम किती धरायची ते तुमच्या गाडीपुरतं मांडून देतो.